बर्फातली शाळा आणि बकरीवाली म्हातारी

वनिता मंगळवारी पहाटे वारली. सकाळी तिच्या भावाचा फोन आला. मी तिच्या वस्तीवर, पोडावर गेले. शाळेत मुलं येऊन बसली होती. त्यांना शिकवणारी ताई गेली हे त्यांना माहीत होतं, पण शाळा भरणार नाही हे कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. मग शाळेला कुलूप लावलं आणि किल्ली तिच्या आईकडे दिली.

या अंकासाठी नोकरीतल्या आठवणी लिहा, असं संपादकांनी त्याच्या आधीच कळवलं होतं. शाळेच्या ग्रंथालयात गमतीजमती पुष्कळ घडत असतील, त्या लिहा, असंही म्हणाले होते. घडल्या. पण त्यातली सगळ्यांत मोठी गंमत वनिताशिवाय सांगता येत नाही, आणि वनिता नसताना ती गंमत राहत नाही. बाकीच्या गमती मला आता आठवतही नाहीत. म्हणून हीच लिहिते.

पांढरकवड्याच्या एका अनुदानित शाळेत मी अर्धवेळ ग्रंथपाल होते. अर्धवेळ म्हणजे पगार अर्धा. काम अर्धं करता येत नाही, कारण मधल्या सुट्टीत दारात उभ्या राहिलेल्या मुलाला अर्धं पुस्तक देता येत नाही, असं मी सुरुवातीला म्हणायची. पुढे मी मुलांना अर्धं काय, पाव पुस्तकसुद्धा दिलं. ते कसं ते सांगते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, ग्रंथपाल म्हणजे पंख्याखाली बसून वाचणारी बाई. पुस्तक आलं की त्यावर शिक्का मारायचा, क्रमांक घालायचा, पाठीवर चिठ्ठी डकवायची, खाकी कव्हर चढवायचं. हे हातांचं काम. खरं काम लक्षात ठेवण्याचं असतं. कोणत्या मुलीनं कोणतं पुस्तक कुठल्या पानावर सोडलं, आणि का सोडलं. पण पुस्तक हरवलं तर जाब ग्रंथपालालाच द्यावा लागतो, म्हणून बहुतेक शाळांत पुस्तकं कुलपात नांदतात. आमच्याकडेही नांदत होती.

एका वर्षी शाळेला दोन खोकी आली. कुठल्याशा संस्थेनं निरनिराळ्या देशांत मुलांना शाळेत वाचायला लावलेली पुस्तकं मराठीत आणली होती. पातळ पुस्तकं, सगळी एकाच मापाची, एकाच कागदाची. मागच्या पानावर लिहिलेलं असायचं, ‘या देशात सातवीची मुलं हे पुस्तक वाचतात.’ प्रत्येकाची एकेकच प्रत.

मी ती सगळी आधी घरी नेऊन वाचली. बर्फाच्या देशात बर्फाची गोष्ट, समुद्राच्या देशात न परतलेल्या होडीची. जिथं लढाई झाली तिथं लढाईची. प्रत्येक देश आपल्या पोरांच्या हातात आपलं दुःख देतो आणि खाली स्वाध्याय छापतो. याच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं, चार ओळींत लिहा. माझ्या वडिलांनी धम्मदीक्षेनंतर घरात पहिलं काही आणलं असेल तर पुस्तकांचं कपाट. त्या कपाटाशी वाढलेल्या मला वाटलं, ही पुस्तकं आपल्या मुलांच्या हाती पडली पाहिजेत. पण वर्गात साठ मुलं आणि प्रत एक.

तेव्हा मी रहीमभाईंकडे गेले. रहीमभाई आमच्या गावचे बाइंडर. बसस्टँडमागे त्यांचं दुकान, एक टेबल, एक दाबयंत्र आणि खळीचा डबा. पुस्तक छापताना एका मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात आणि कागदाची घडी घालतात. त्या घडीला फर्मा म्हणतात. चार फर्मे एकावर एक ठेवून शिवले की चौसष्ट पानांचं पुस्तक होतं. मी म्हटलं, “रहीमभाई, ही पुस्तकं उसवून द्या. प्रत्येक फर्म्याला वेगळा पुठ्ठा लावा.”

त्यांनी एक पुस्तक उलटून त्याची शिवण पाहिली. “मॅडम, लोक फाटलेली पुस्तकं शिवायले आणते. तुम्ही शिवलेली फाडायले आणून राह्यल्या.”

“एका पुस्तकाची चार होतील.”

“होतील ना. पण कोन्या साहेबानं पाह्यलं तं आपन दोघं बी उसवल्या जाऊ.”

त्यांनी काम मात्र सुरेख केलं. मग आमच्या शाळेत वाचनाचा तास असा चालू लागला. एका टोळीला एका पुस्तकाचा पहिला फर्मा, दुसऱ्या टोळीला दुसरा. वाचायचं आणि पुढच्या आठवड्यात एकमेकांना सांगायचं. कुणाला गोष्ट शेवटाकडून कळायची, कुणाला मधूनच. गोष्ट पुरी करण्यासाठी मुलांना एकमेकांकडे जावंच लागायचं. एवढी बडबड त्या खोलीत आधी कधी झाली नव्हती. मला ती फार आवडायची.

वनिता तेव्हा आठवीत होती. पोडावरून यायची. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. तिचा पोड जंगलाच्या कडेला, मोठ्या रस्त्यापर्यंत पायी यायचं आणि पुढे एस.टी. अंगानं अगदी बारीक, डोळ्यांत पिवळसर झाक. सिकलसेल होता तिला. रक्तातला हा आजार आमच्या भागात इतका आहे की शाळेत कुणाला तो समजावून सांगावा लागत नाही. महिन्यातून काही दिवस सांधे धरायचे, मग ती यायची नाही. आली की आधी ग्रंथालयात. तिच्या पोडावर चौथीपर्यंत शाळा होती, पण त्या वेळी बरेच महिने गुरुजी नव्हते. एकांची बदली झाली आणि दुसरे हजर झालेच नाहीत.

वनिता फर्मा घरी न्यायची आणि रविवारी पोडाच्या चावडीवर बसून सगळ्यांना कोलामीत सांगायची. लहान मुलं, बाया, म्हातारे, सगळे ऐकायचे. कोलामीत छापलेलं पुस्तक तिथं कुणी पाहिलं नव्हतं. जगातल्या शाळांची पुस्तकं त्या भाषेत पहिल्यांदा तिच्याच तोंडून गेली असतील. एकदा तिनं मला विचारलं, “मॅडम, आपन त्यायचं वाचून राह्यलो. त्यायच्या शाळेत आपलं कोनतं वाचतेत?”

मी म्हटलं, “माहीत नाही गं.”

“मंजे नाई वाचत,” ती म्हणाली आणि फर्मा बदलून घेऊन गेली.

एका दुपारी शाळेत फोन आला. पंचायत समितीच्या कार्यालयात एक बाई आली आहे, तिच्याजवळ आपल्या शाळेचा शिक्का असलेली पुस्तकं आहेत, ग्रंथपालांना ताबडतोब पाठवा. मी गेले. आवारात गर्दी. मधे वनिताची आई भीमाबाई, नेसूचं नीट खोचलेलं, एका हातात चार फर्मे आणि दुसऱ्या हातात दोरी. दोरीला बकरी. वनिता शेजारी मान खाली घालून उभी होती.

साहेब पायरीवर आले होते. “बाई, अर्ज कुठाय?”

“अर्ज पोरगी लिहून देईन. तुमी आंदी आयकून घ्या. आमच्या पोडावर मास्तर पायजे.”

“बरं. पण बकरी कायले आणली?”

“साक्षीले.”

गर्दी हसली. साहेबही हसले. “कशाची साक्ष देते ही?”

“शाळेत कोन बसते त्याची. मास्तर येत नाई तं हेच बसते वर्गात. फळ्याखाली लेंड्या हायेत, चाला दाखोतो. इचारा ना तिले.”

आता कुणी हसलं नाही. एक बाबू माझ्याकडे वळून म्हणाला, “मॅडम, हे कोणतं पुस्तक शिकवता तुम्ही? बाई म्हणते, पुस्तकात असंच लिहिलं आहे.”

“परदेशातल्या शाळांत लावलेलं आहे ते,” मी म्हटलं.

“कोणत्या देशातल्या?”

मला सांगता येईना. बर्फाच्या पुस्तकात बकरी नव्हती. बकरीच्या पुस्तकात शाळा नव्हती. मी भीमाबाईंच्या हातातले फर्मे घेतले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून पहिल्यांदाच ते ओळीनं वाचले.

रहीमभाईंनी पुठ्ठे चढवताना दोन पुस्तकं एकमेकांत मिसळली होती. एका गठ्ठ्यात पहिला आणि तिसरा फर्मा बर्फाच्या देशातला, दुसरा आणि चौथा उन्हाच्या देशातला. पानांचे आकडे बरोबर एकापुढे एक. बर्फाच्या पुस्तकात नदी गोठते, पलीकडून होडीनं येणारे मास्तर हिवाळाभर येऊ शकत नाहीत आणि मुलं स्वतःच शाळा चालवतात. उन्हाच्या पुस्तकात एक म्हातारी आपली बळकावलेली विहीर परत मिळावी म्हणून बकरी घेऊन दूरच्या कोर्टात चालत जाते, कारण विहिरीवर रोज कोण पाणी प्यायचं याची साक्ष देणारं दुसरं कुणी नसतं. पहिला फर्मा ‘मुलांनी दार उघडलं आणि बाहेर’ इथं तुटत होता. पुढचा सुरू होत होता, ‘ऊन इतकं होतं की बकरी सावली सोडेना.’

आमच्या मुलांना यात काहीच खटकलं नव्हतं. बर्फ वितळला असेल, उन्हाळा लागला असेल. मास्तर येत नाहीत म्हणून गावातली म्हातारी कोर्टात गेली. सरळ गोष्ट होती. शेवटी न्यायाधीश म्हणतात, “तुमचं जे आहे ते तुम्हाला मिळेल,” आणि त्याखाली स्वाध्याय. म्हातारीच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? वनितानं तोही चावडीवर कोलामीत सांगितला होता. वर्गातली मुलं त्याखाली चार ओळी लिहायची. भीमाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या बकरी घेऊन निघाल्या.

मी रहीमभाईंना दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “दोन्हीचा नाप एक, कागद एक, आकडा बराबर. मी आकडा पाहतो मॅडम, कहानी थोडी पाहतो.” मग फर्मे परत देत, “पन चांगली शिवली गेली ना?”

पुढच्या महिन्यात पोडावर गुरुजी आले. भीमाबाईंमुळे आले की येणारच होते, हे मला माहीत नाही. पोडात सगळ्यांना माहीत होतं. “बकरीनं आनला,” असं त्या गुरुजींच्या तोंडावरही म्हणायचे, आणि ते बिचारे हसून घ्यायचे.

मी फर्मे नीट लावून घेतले आणि वनिताला खरी गोष्ट वाचायला दिली. तिनं ती वाचली आणि परत आणून टेबलावर ठेवली.

“हे नाई पटत, मॅडम.”

“अगं, खरं पुस्तक हेच आहे.”

“याच्यात तं बरफ पिगलते आन् मास्तर येते. आपोआप. कोनी न बोलावता.” ती माझ्याकडे बघत होती. “असं कुठं होते का?”

त्या देशात होत असावं. तिथली मुलं ते वाचतात आणि कुणी तसा प्रश्न विचारत नाही. त्या दिवसापासून मी तिला शिकवत होते असं म्हणण्यात फारसा अर्थ उरला नाही.

ते गुरुजी दोन-अडीच वर्षं राहिले आणि बदलून गेले. पुन्हा जागा रिकामी. वनिता तेव्हा अकरावीत. “बायेरून आलेला जातेच,” ती म्हणाली, “पोडातलाच पायजे.” आणि पोडातलं दुसरं कुणी इतकं शिकलेलं नव्हतं.

यानंतरचं सांगायला सोपं आहे, कारण त्यात गंमत नाही. ती डी.एड. झाली. पात्रता परीक्षा पास झाली, दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेच्या दिवशी ती यवतमाळला दवाखान्यात होती. मग भरतीची वाट. दरवर्षी निघणार म्हणायचे. निघाली तेव्हा तिचं नाव लागलं नाही. पुढे, पोडावरच्या शाळेला कुणीच मिळेना, तेव्हा तिला तात्पुरतं, मानधनावर घेतलं. दर सत्राला नेमणुकीचा नवा आदेश. मी तोवर निवृत्त झाले होते. ती त्या खोक्यांतली पुस्तकं मागायला आली. शाळेत आता ती कुणी वाचत नव्हतं. मुख्याध्यापकांनी जुनी म्हणून बाद केली आणि मी ती मागून आणून तिला दिली. तिनं रहीमभाईंच्या मुलाकडून त्या दोन पुस्तकांचे फर्मे पुन्हा तसेच चुकीचे लावून घेतले. रहीमभाई त्याआधीच वारले होते. मुलगा म्हणाला, अशी ऑर्डर पहिल्यांदाच आली.

मी दर गुरुवारी पोडावर जाऊ लागले, ऐकायला. पहिलीत येणारं कोलाम मूल मराठी जाणत नाही. त्याच्या पुस्तकातला पहिलाच धडा त्याला परदेशातला असतो. वनिता आधी कोलामीत सांगायची, मग मराठीत, मग पुस्तक उघडायची. मूल छापलेल्या शब्दापाशी पोहोचायचं तेव्हा तो शब्द ओळखीचा झालेला असायचा. हे मला कुठल्याही प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. बर्फ सांगताना ती लग्नातल्या बर्फाच्या लादीची आठवण करून द्यायची. नदी, सगळी, तशी. मुलं ओरडायची. मग म्हातारी बकरी घेऊन निघायची आणि मुलं भीमाबाईंकडे बघायची. भीमाबाई चावडीच्या खांबाला टेकून डाळ निवडत असायच्या. “माह्याकडं काय पाहता रे पोट्ट्यांनो, पुस्तकात पाहा,” म्हणायच्या. पण त्यांचा हात थांबलेला असायचा.

सांधे धरले की वनिता खाट शाळेच्या व्हरांड्यात आणवायची आणि पडून शिकवायची. मुलं खाटेभोवती. भीमाबाई चिडायच्या. “पोरी, जीव हाये तं शाळा हाये. आज राहू दे ना.”

“मी नाई गेली तं साहेब म्हनन, पाह्यलं, हे बी येत नाई.”

“कोन साहेब? इकडं येतेच कोन पाह्यले?”

“पोरं पाह्यतेत.”

तिचा शेवटचा गुरुवार मला नीट आठवतो. पाऊस लागून राहिला होता, नाला भरलेला. तिनं स्वेटर घातला होता आणि ओठ सुकलेले होते. मुलं घरी गेल्यावर आम्ही चहा घेतला. नवा आदेश आला नव्हता. मी म्हटलं, येईल. ती हसली. “मॅडम, तुमी रिटायर बी होऊन गेल्या. मले तं अजून लागताच नाई आलं.”

मी म्हटलं, तू आताच यवतमाळला जाऊन दाखवून ये. ती म्हणाली, सोमवारी घटक चाचणी आहे, ती झाली की जाते. सोमवारी चाचणी झाली. दुपारी ताप चढला. सकाळी नाला उतरला की न्यायचं ठरलं. पहाटे ती गेली.

मयतीला पोडातलं प्रत्येक घर आलं होतं. मुलं एका बाजूला रांगेत उभी होती, शाळेत उभी राहतात तशी. भीमाबाई रडत नव्हत्या. मला जवळ बोलावून म्हणाल्या, “मॅडम, आता कोनाले मांगायले जाऊ? मास्तर मांगतला तं भेटला. थो गेला. मंग म्या माही पोरगी देल्ली.”



नंतर मी पंचायत समितीत गेले. आताचे साहेब तरुण आहेत, नीट वागले. म्हणाले, पटसंख्या कमी आहे, त्या जागेवर कुणी अर्ज करत नाही, मुलांना नाल्यापलीकडच्या गावच्या शाळेत जोडलं आहे. मी म्हटलं, त्या शाळेत कोलामी कुणाला येत नाही. ते म्हणाले, शिकवण्याची भाषा मराठी आहे, मॅडम. तेही खरंच आहे.

मग मी स्वतः वाचून पाहिलं. मला कोलामी समजते, बोलता येत नाही. मी चावडीवर बसून मराठीत वाचू लागले. मोठी मुलं बसली. लहान मुलं थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग एकेक करून उठून गेली. मोठ्यांना मी म्हटलं, तुम्ही सांगा त्यांना. एका मुलीनं प्रयत्न केला, अर्ध्यात अडली आणि म्हणाली, ताई कसं सांगत होती ते आठवत नाही. ताईच्या भावाच्या फोनमध्ये तिचे फोटो आहेत, आवाज नाही. तिनं सांगितलेलं कुणी कधी उतरवून घेतलं नव्हतं. ती दर वेळी थोडं वेगळंच सांगायची आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा सांगणारच होती.

मला पुष्कळ वर्षं वाटत होतं की एका देशातल्या मुलांसाठी लिहिलेलं पुस्तक दुसऱ्या देशातल्या मुलांपर्यंत जाऊ शकतं. जातं. पण ते आपण होऊन जात नाही. मध्ये एक माणूस लागतं, आणि ते माणूस गेलं की पुस्तक होतं तिथंच थांबतं. नोकरीभर मी पुस्तकं सांभाळली. सांभाळण्यासारखं माणूस होतं, आणि ते माझ्या हातात नव्हतं.

पोडावरच्या शाळेला कुलूप आहे. नाल्यापलीकडच्या शाळेत मोठी मुलं जातात. पाऊस असला की जात नाहीत. लहान मुलांची नावं तिथल्या हजेरीत आहेत, मुलं घरी आहेत. वनिताच्या जागेवर कुणी आलेलं नाही.